क्षमता बांधायची म्हणजे काय?

दोन वर्षांपूर्वी आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही पन्नास-साठ जणांनी एका ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटची रिकामी पोती जमवली, त्यांत वाळू-माती भरली, दाभणाने तोंडे शिवली आणि विटा रचाव्यात तशी सांधे चुकवून थरावर थर रचले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी चढू लागले. फोटो निघाले, समारोपाला भाषणे झाली, स्थानिक वृत्तपत्रात चार ओळी आल्या. आपण काही तरी केले, या समाधानात आम्ही परतलो.

वनराई बंधारा हे कच्चे काम असते. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून जातोच. पाऊस ओसरला, की ओढ्याला धार आहे तोवर तो पुन्हा घालावा लागतो. गेल्या वर्षी परीक्षांच्या गोंधळामुळे आमचे शिबिर लांबले आणि जानेवारीच्या अखेरीस आम्ही त्याच गावात पोहोचलो, तेव्हा ओढ्यात नुसते गोटे होते. आम्ही विचारले, "यंदा बंधारा घातला नाही का?" त्यावर एक गृहस्थ अगदी निरागसपणे म्हणाले, "आम्ही वाट बघत व्हतो की! तुमची पोरं आली न्हाईत, मग पानी ग्येलं निघून."

या उत्तरावर प्रथम आम्ही हसलो. नंतर मात्र ते मनातून जाईना. कारण बंधारा कसा घालावा हे त्या लोकांना माहीत नव्हते, असे मुळीच नाही. पोत्याचे तोंड कसे शिवायचे, हे आम्हाला काठावर तंबाखू मळत बसलेल्या एका आजोबांनीच शिकवले होते. ओढ्याचा कोणता काठ पाझरतो, हेही त्यांनीच सांगितले. पोती गावात होती, फावडी होती, माणसे होती. तरीही पाणी निघून गेले. कारण तो बंधारा 'कॉलेजचा' होता. दोन वर्षांत गावात एकच गोष्ट आम्ही नव्याने निर्माण केली होती, ती म्हणजे आमची वाट पाहण्याची सवय.

समाजशास्त्राच्या तासाला 'क्षमताबांधणी' हा शब्द आला, तेव्हा मला तो कोरडा ओढा आठवला. हा लेख त्या शब्दाविषयी आहे.

'कपॅसिटी बिल्डिंग' या इंग्रजी शब्दाचा हा मराठी अवतार. कोणी 'क्षमतावर्धन' म्हणतात, कोणी 'क्षमता विकास'. शब्द फार जुना नाही. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे पर्यावरण व विकास या विषयावर जागतिक परिषद झाली. तिच्या 'अजेंडा २१' या कार्यक्रमपत्रिकेत या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि त्यानंतर हा शब्द सरकारी योजना, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल आणि देणगीदारांचे अर्ज यांत सर्वत्र दिसू लागला. आज तर तो इतका सैल झाला आहे, की शिपायांना संगणक शिकवणे हीही क्षमताबांधणी आणि बचतगटातल्या बायकांना लोणच्याच्या बरण्यांना लेबल लावायला शिकवणे हीही क्षमताबांधणीच!

क्षमता आणि क्षमा हे दोन्ही शब्द 'क्षम्' या एकाच धातूपासून आले आहेत. सहन करणे हा त्याचा एक अर्थ आणि समर्थ असणे हा दुसरा. पहिल्या अर्थाने पाहिले, तर आपल्या खेड्यांतल्या गरीब माणसाजवळ क्षमतेची वाण कधीच नव्हती. दुष्काळ, सावकार, तलाठ्याच्या कचेरीतले हेलपाटे हे सारे तो सोसत आलाच आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या अर्थाचा.

शब्द नवा असला, तरी गोष्ट जुनी आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अक्षरे गिरवायला शिकवलेली मुलगी काही वर्षांतच ती अक्षरे आपल्या लोकांची कैफियत मांडायला वापरू लागली. काय लिहावे, हे ठरवणारी ती होती. क्षमताबांधणीची व्याख्या करण्याच्या भानगडीत न पडता एवढे एक उदाहरण दिले असते, तरी चालले असते. पण आजच्या काळातली, आपल्या डोळ्यांसमोरची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतले पहिले जामखेडचे आहे.

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अवर्षणप्रवण तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला वैद्यक शिकलेले आणि पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले दांपत्य १९७० साली येथे आले. त्या वेळी या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. लोकांशी बोलताना त्यांना पहिला धडा मिळाला तो असा, की लोकांना आधी औषध नको होते, पाणी आणि अन्न हवे होते. त्यामागोमाग १९७२ चा दुष्काळ आला. विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्याचे धोरण आरोळ्यांनी ठेवले. पाणी हवे असेल, तर साऱ्या गावाने त्या वस्तीत यावे लागणार. आरोग्याच्या कामाची ही सुरुवात आहे, हे अनेकांना तेव्हा पटले नसेल. पण 'क्षमता' ही एकेका माणसाच्या डोक्यात किंवा हातात असते, एवढाच समज असेल, तर हा निर्णय कळणार नाही. जिच्या हातचे पाणी चालत नाही, तिच्या हातचे औषध कसे चालेल?

कारण पुढे नेमके तेच करायचे होते. खेड्याखेड्यांत नर्स ठेवण्याचा प्रयत्न प्रथम करून पाहण्यात आला. तो फसला. बाहेरून आलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहणार कशी, आणि राहिली तरी गावातल्या बायका तिच्याशी मन मोकळे करणार कशा? मग गावातलीच एक बाई निवडून तिला शिकवावे, असा विचार पुढे आला. ती गावाने निवडायची. निवडल्या गेलेल्या बायका बहुधा मध्यमवयीन आणि निरक्षर होत्या. अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. गावाच्या उतरंडीत ज्यांना अगदी तळाशी बसवले होते, त्या बायकांनी गावाला आरोग्य शिकवायचे होते.

त्यांना शिकवले कसे, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्षभराचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र असा प्रकार तेथे नव्हता. बायका आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, रात्री मुक्कामाला राहायच्या, दुसऱ्या दिवशी परत जायच्या. थोडे शिकायचे, गावात जाऊन ते करून पाहायचे आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय झाले ते सांगायचे. एकीची फजिती दुसरीला धडा व्हायची. हा परिपाठ आठवडा दोन आठवडे चालला नाही, वर्षानुवर्षे चालला. रात्री वेगवेगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. एकत्र जेवायला न बसणाऱ्या गावांतून त्या आल्या होत्या, हे लक्षात घेतले, म्हणजे त्या पांघरुणानेही किती शिकवले असेल, याची कल्पना येते.

विषय कोणते? हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी द्यायचे. बाळंतपणात हात आणि नाळ कापण्याचे साधन स्वच्छ ठेवायचे. गरोदर बाईने काय खायचे. लस का टोचायची. क्षय आणि कुष्ठ यांची लक्षणे कशी ओळखायची. मुले ज्या कारणांनी मरत होती, त्यांतली बहुतेक कारणे एवढ्या ज्ञानाने अडवता येण्यासारखी होती. डॉक्टर होण्यास जे लागते, त्यातले फार थोडे येथे लागत होते. पण ते थोडेसुद्धा आजवर डॉक्टरांच्या खोलीबाहेर पडले नव्हते. गाणी आणि भजने यांतून ते गावांत गेले.

गावाने या बायकांना लगेच डोक्यावर घेतले असे समजू नये. 'ही काय आम्हाला शिकवणार?' हा प्रश्न होताच. येथे डॉक्टरांच्या वागण्याचा फार उपयोग झाला. जामखेडहून फिरते पथक गावात आले, की डॉक्टर आणि नर्स आधी या बाईकडे जात. कोण आजारी आहे, कोणाला दिवस गेले आहेत, हे तिला चारचौघांत विचारत, तिच्या सांगण्याप्रमाणे घरोघर जात. डॉक्टरच तिचे ऐकतात म्हटल्यावर गावही ऐकू लागले. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला दिलेला हा मान शिक्षणाचाच भाग होता. त्याच्या जोडीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. त्यामुळे ही बाई गावात एकटी पडली नाही.

नव्वदच्या दशकात या भागातला बालमृत्यूचा दर हजारी विशीच्या घरात आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला या खेड्यांतल्या बायकाही उभ्या राहू लागल्या. मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी एक गोष्ट. जसजशा या बायका तयार होत गेल्या, तसतशी फिरत्या पथकाची गावांना असलेली गरज कमी होत गेली. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ मध्ये गेले. काम थांबले नाही.

आमच्या बंधाऱ्याशी हे ताडून पाहावे. आम्ही गेलो नाही, तर पाणी निघून गेले. तेथे डॉक्टरांचे येणे कमी झाले आणि तरी मुले जगली.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था १९८६ च्या सुमारास तेथे सुरू केली. न्यूमोनियाने लहान मुले मरतात, आणि तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा चालला, त्याहून मोठ्या अर्भकाचा पन्नास किंवा अधिक वेळा चालला, तर धोका समजावा. पण जिला शंभरापर्यंत मोजता येत नाही आणि जिच्याजवळ घड्याळ नाही, त्या दाईने हे मोजायचे कसे? आपल्यासारख्यांनी 'आधी तिला साक्षर करा' असे सांगितले असते. तेथे एक साधे यंत्र तयार करण्यात आले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्यापर्यंत पोहोचलात, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दहापर्यंत मोजणे तिला येतच होते. जे येत होते, त्यावरच पुढची पायरी बांधली गेली.

पुढे १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. थोड्याफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया 'आरोग्यदूत' म्हणून तयार झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडकला असेल तर तो सुरू करणे, जंतुदोष ओळखणे आणि त्यासाठी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे सारे त्यांनी करायचे. खेड्यातल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, या कल्पनेला वैद्यकीय वर्तुळात विरोध होणे स्वाभाविक होते. निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले होते.

या आकड्यांमागे केवळ शिकवणे नाही. आरोग्यदूताजवळ वजनकाटा होता, औषध होते, सुई होती. तिच्या कामावर देखरेख करणारा माणूस ठरावीक दिवसांनी येत होता. आणि मुख्य म्हणजे, ती सुई वापरण्याचा अधिकार तिला दिलेला होता. कौशल्य, साधन, सोबत आणि अधिकार यांपैकी पहिलीच गोष्ट द्यायची आणि बाकीच्या आपल्या मुठीत ठेवायच्या, असा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि त्यालाही क्षमताबांधणीच म्हणतात.

पंचायतराज संस्थांचेच पाहा. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ मध्ये झाली, १९९३ मध्ये अमलात आली आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. या स्त्रियांसाठी प्रशिक्षणे निघाली. सभागृहात फलक लागतो, नोंदवहीवर सह्या होतात, पिशवी, वही आणि पेन मिळते, तीन दिवस व्याख्याने होतात, शेवटी प्रमाणपत्रासह फोटो. त्यात शिकण्यासारखे काही नसते असे मी म्हणणार नाही. पण बाई गावी परत येते तेव्हा दप्तराची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि बैठकीतली खुर्ची नवऱ्याकडे असते. अनेक ठिकाणी लोक त्या नवऱ्यालाच 'सरपंचसाहेब' म्हणतात. मग तीन दिवसांत मिळालेली ती क्षमता ठेवायची कोठे? ज्या बायका तरीही उभ्या राहिल्या, त्या बहुधा आधी बचतगटात बोलायला शिकलेल्या होत्या. त्यांच्या पाठीशी पंधरा-वीस बायका होत्या.

ज्ञान आणि अधिकार बरोबर चालले, तर काय होते, ते मेंढा (लेखा) या गावात दिसते. हेही गडचिरोली जिल्ह्यातच, धानोरा तालुक्यात. वस्ती गोंड आदिवासींची. गावातले देवाजी तोफा आणि बाहेरून अभ्यासासाठी आलेले मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या गावाशी जोडलेली आहेत. या गावाची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. तेथे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात कोणीही बसावे, बाहेरच्या जाणकारानेही यावे, कायदा वाचावा, शंका काढाव्यात, वाद घालावा. पण तेथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. बाहेरच्या तज्ज्ञाचे ज्ञान हवे आहे, त्याची सत्ता नको आहे, ही गोष्ट इतक्या साध्या व्यवस्थेने साधलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. आपल्याकडे तज्ज्ञ आला, की तो बोलतो आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याच्या बोलण्याचा निर्णयही तेथेच होऊन जातो.

या अभ्यासातून गावाला जंगलाचे कायदे कळू लागले. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हाती आला, तरी बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा, तर वाहतुकीचा परवाना वन खात्याचाच लागत होता. गावाने पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. आता परवाना गावच देणार. त्यानंतर खरी परीक्षा होती. बांबू किती तोडायचा, कोठला राखायचा, मजुरी किती, भाव कसा ठरवायचा, व्यापाऱ्याशी करार कसा करायचा, हिशेब कोणी लिहायचा, कर भरायचा का? ग्रामसभेला पॅनकार्डही काढावे लागले. या साऱ्या गोष्टी आधी शिकवून मग हक्क द्यावा, असे कोणी ठरवले असते, तर तो हक्क अजूनही कचेरीतच पडून असता. हक्क मिळाला म्हणून त्या शिकाव्या लागल्या, आणि अभ्यासाची सवय होती म्हणून शिकता आल्या.

येथे एक शंका मनात येते आणि ती दडवणे बरे नाही. लोकांची क्षमता बांधा, बांधा म्हणताना सरकार आणि समाज आपली जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर तर टाकत नाही ना? जामखेड, गडचिरोली आणि देशातले असे इतर प्रयोग यांच्या अनुभवाचा वारसा २००५ साली 'आशा' कार्यकर्तीच्या रूपाने देशभर गेला. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत. नवजात बालकांच्या घरी भेटी देण्याचे काम २०११ मध्ये त्यांच्याकडे आले. बाळंतीण आणि बाळ यांना बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी द्यायच्या, त्याबद्दल २५० रुपये. गडचिरोलीत आरोग्यदूताच्या हाती दिलेली सुई या देशव्यापी योजनेत मात्र आशेच्या हाती आली नाही. काम गेले, अधिकाराला कात्री लागली. आणि इतके करूनही ती 'स्वयंसेविका'च. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. करोनाच्या साथीत घरोघर फिरली ती हीच बाई. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले.

कोणी म्हणेल, जामखेडच्या बायकाही पगाराशिवायच काम करत होत्या. खरे आहे. पण त्यांच्या मागे दर आठवड्याला भेटणारी संस्था होती, पोट भरण्यासाठी छोटे उद्योग उभे करून देण्याचे प्रयत्न होते, गावाने केलेली निवड होती, आणि काम किती करायचे, हे वरून आलेल्या तक्त्यांनी ठरत नव्हते. आशा कार्यकर्तीच्या वाट्याला नोंदवह्या आणि मोबाईलवरची माहिती भरणे इतके आले आहे, की शिकवलेले वापरायला वेळ कोठून आणायचा, हाच प्रश्न पडावा. माझी आत्या आशा आहे. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर ती माहिती भरत बसते आणि नेटवर्क नसेल, तर गच्चीवर जाते. तिला काय येत नाही, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही; तिला काय दिलेले नाही, ते मात्र सांगता येईल.

म्हणून 'लोकांत क्षमता नाही, ती बांधली पाहिजे' या वाक्यापाशी आपण जरा थांबावे, असे मला वाटते. त्या वाक्यात बांधणारा नेहमी भरलेला असतो आणि ज्याची बांधायची, तो रिकामा. जामखेडच्या बायकांना मुले कशी मरतात, हे कोणत्याही डॉक्टरपेक्षा जवळून माहीत होते. मेंढ्याच्या लोकांना बांबू माहीत होता. आमच्या आजोबांना ओढा माहीत होता. प्रत्येक ठिकाणी अडलेले होते ते दुसरेच काही: कोठे दडवून ठेवलेले ज्ञान, कोठे जात, कोठे परवान्याचे पुस्तक. आमच्या ओढ्यावर तर आमचाच उत्साह अडसर झाला. आम्ही जागा ठरवली, दिवस ठरवला, पोती आणली, घाम गाळला आणि शेवटी फलकावर महाविद्यालयाचे नाव घातले. गावाने करायचे काय, तर पाहायचे आणि समारोपाला नारळ द्यायचा. त्यांनी ते दोन्ही चोख केले.

गेल्या महिन्यात शिबिराच्या पूर्वतयारीसाठी आम्ही चौघे सरांबरोबर त्या गावात जाऊन आलो. देवळात तीस-एक माणसे जमली होती. बायका आधी बाहेर ओट्यावर उभ्या होत्या, नंतर आत आल्या. बंधारा हवा का, असे आम्ही विचारले नाही. गेल्या उन्हाळ्यात पाणी कोणाला कमी पडले, एवढेच विचारले. मग जे बोलणे सुरू झाले, ते दीड तास चालले आणि त्यात आमची गरज फारशी कोणाला पडली नाही. आमच्या बंधाऱ्याचे पाणी वरच्या अंगाच्या दोन विहिरींनाच लागत होते, खालच्या वस्तीला त्याचा काहीच उपयोग नव्हता, ही माहिती आम्हाला तेथे प्रथम कळली. दोन वर्षे ती कोणी सांगितली नाही, कारण कोणी विचारलीच नव्हती. आजोबांनी काठीने जमिनीवर ओढा काढून दाखवला आणि जुन्या आंब्याच्या खालची जागा सुचवली. तेथे काठ मुरमाड आहे म्हणे, पाझरत नाही. खालच्या वस्तीतल्या एका बाईने त्याला विरोध केला. तिचे म्हणणे असे, की तेथे बंधारा घातला, तर त्यांची पायवाट पाण्याखाली जाईल. त्यावर पुन्हा वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला.

या वर्षी पोती आम्ही विकत घेतलेली नाहीत. जागा ठरली, की निरोप देऊ, असे त्यांनी सांगितले आहे. निरोप अजून आलेला नाही. सरांच्या टेबलावर शिबिराचे वेळापत्रक पडून आहे आणि त्यात तारखेची जागा कोरी आहे.